चेटकिणीचा मुक्काम

जेवणाच्या सुट्टीत रोमाना चष्म्याच्या दुकानातून बाहेर पडली, पाव घ्यायला कोपऱ्याकडे वळली, आणि तिच्या पाठीमागे पत्र्याच्या छपरावरून ओल्या बर्फाची एक जाड लादी सुटून ती आत्ता जिथे उभी होती तिथेच येऊन फुटली. लागलं कुणालाच नाही. एक बाई हसली आणि छत्री झटकून पुढे गेली. पाववाल्याने दारातून डोकं बाहेर काढून वर पाहिलं आणि नगरपालिकेच्या नावाने चार शब्द काढले. ब्रेगेंझमध्ये फेब्रुवारी संपत आला की हे चालायचंच. सकाळी सरोवरावरून धुकं, दुपारी ऊन, संध्याकाळी पुन्हा भुरभुर. छपरांनाही कळत नाही की अंगावरचं ठेवायचं की टाकायचं. रोमाना दचकली ती त्या लादीला नव्हे. लादी सुटायच्या अगदी आधी वर एक आवाज झाला होता. जाड गादीवर कुणीतरी धपकन बसावं आणि आतली हवा दबून जावी, तसा. हुंफ. एवढाच. तो ऐकून ती पाव न घेताच दुकानात परत गेली. दुपारभर लोकांच्या नाकांवर चष्मे बसवताना ती तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकत राहिली, आणि तो खरोखर झाला होता की आपल्याच डोक्यात वर्षानुवर्षं पडून राहिलेला बाहेर आला, हे तिला सांगता येईना.

तो शुक्रवार होता, आणि संध्याकाळी ती नेहमीसारखी गाडी घेऊन वर बुखएगला निघाली. आठवडाभर शहर आणि शनिवार-रविवार गाव, असं तिचं कितीतरी वर्षं चाललं होतं, आणि दोन्हीकडच्या लोकांना ती दुसरीकडची वाटायची. ब्रेगेंझमधले लोक तिला डोंगरातली म्हणत. बुखएगचे लोक शहरातली म्हणत, आणि तिच्या अंगणात बर्फ साचला की मुद्दाम विचारत, फावडं कसं धरतात ते आठवतंय ना. तरीही बाबा गेल्यावर गावाच्या बर्फसमितीतली त्यांची जागा तिने मागून घेतली होती. समिती म्हणजे तीन माणसं, पगार नाही, मान नाही, थंडी मात्र भरपूर. कुठला उतार धरून राहील आणि कुठला सुटून लोट होऊन खाली येईल, ते बघायचं आणि खालचा रस्ता किंवा कुरण बंद करायचं की उघडं ठेवायचं ते ठरवायचं. रीत अशी की तिघांपैकी एकानेही बंद म्हटलं की बंद. आणि कोण म्हणालं ते समितीबाहेर कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही. या रविवारी ठरवायचं होतं ते नेमकं गावाला सगळ्यात प्रिय असलेलं. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतला पहिला रविवार म्हणजे फुंकन, हिवाळ्याची होळी. टोबेल नावाच्या उताराखालच्या कुरणात लाकडांचा उंच मनोरा रचायचा, टोकावर पेंढ्याची चेटकीण बसवायची, आणि दिवस मावळला की सगळ्या गावाने भोवती उभं राहून ती जाळायची. ती जळाली की हिवाळा गेला. टोबेलवर मात्र यंदा नाताळापासूनचा बर्फ लटकून होता.

घाटातून चढताना तिला बाबा आठवत राहिले. म्हणजे ते आठवतात तेव्हा नेहमी एकाच दिवसाचे आठवतात. ती दहा-अकराची असेल. टोबेलच्या कडेने ती त्यांच्या मागोमाग चालली होती, त्यांच्या पावलांच्या खड्ड्यांत आपली पावलं टाकत, आणि पायाखाली तो आवाज झाला होता. हुंफ. तिला तर हसूच आलं होतं; तळाचा कच्चा थर खचला की बर्फ असा आवाज करतो आणि तो सुटण्याआधीचा इशारा असतो, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. बाबा हात वर करून उभे राहिले, बराच वेळ, मग आपल्याच खड्ड्यांतून तिला मागे नेलं. त्या संध्याकाळी होळी होती. बाबांनी, म्हणजे कास्पार बिकेलने, ती बंद केली. सांगायचं नाही अशी रीत असली तरी गाव काही आंधळं नव्हतं. बर्फ आला नाही. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. आणि एका सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर न जळलेली चेटकीण बसलेली, मांडीवर होळीला घरोघरी तळतात तसला एक शिळा वडा. मग त्या वर्षी जे जे वाकडं झालं त्याचं बिल त्यांच्या दाराशी आलं. जूनमध्ये गारा पडल्या, कुणाची गाय गाभडली, चर्चच्या घंटेला तडा गेला. लोक म्हणायचे, होणारच, चेटकीण कास्पारकडे मुक्कामाला आहे ना. शाळेत पोरं तिला विचारायची, तुमची पाहुणी काय खाते. आणि बाबा त्या चेटकिणीला आत घेऊन आले, फडक्याने पुसलं, आणि स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं. याचा तिला सगळ्यात जास्त राग आला होता. फेकून का नाही दिली? दुसऱ्या दिवशी एकटी ओटिलिया आत्या आली. चेटकिणीच्या समोर बसून तिने दोन कप कॉफी घेतली, हवापाण्याचं बोलली, आणि जाताना चेटकिणीलाही येते गं म्हणून गेली. बाबा मात्र वसंतभर रोज सकाळी उठून टोबेलकडे बघायचे. मे महिन्यात तिथला शेवटचा पांढरा डागही वितळला तेव्हा ते खिडकीपाशी उभे राहून म्हणाले, बरं झालं. लहान रोमानाला तो हरलेल्या माणसाचा शब्द वाटला होता, आणि तशीच ती मोठी झाली.

शनिवारी ती आणि एगोन टोबेलच्या कडेला गेले. एगोन समितीतला दुसरा. गावचा बर्फ काढायचा ट्रॅक्टर चालवून चालवून त्याचा एक कान कामातून गेलेला, आणि दुसरा तो बायकोसाठी राखून ठेवतो असं म्हणायचा. हवा म्हणजे निव्वळ थट्टा होती. निघताना ऊन, अर्ध्या वाटेत साबुदाण्यासारख्या गोळ्या, वर पोचेपर्यंत दक्षिणेकडून गरम वारा, ज्याला तिकडे फ्योन म्हणतात आणि ज्याच्या नावावर डोकेदुखीपासून घटस्फोटापर्यंत सगळं खपवतात. त्या वाऱ्याने टोपी काढायला लावली आणि पुढच्या वळणावर पुन्हा घालायला. त्यांनी बर्फात कमरेएवढा खड्डा खणला. वरचा थर जड, ओला, एकसंध. आणि तळाशी, जमिनीला टेकून, डिसेंबरातल्या कोरड्या थंडीत तयार झालेले सुटे कण, मुठीत धरले तर बोटांमधून ओघळणारे. म्हणजे एवढा सगळा भार साखरेच्या पोत्यावर ठेवलेला. रोमानाने खड्ड्याच्या भिंतीतून एक खांब कापला, वर फावडं ठेवलं आणि हाताने थापट्या मारल्या. खांब लवकरच सरकला, म्हणजे उतार कच्चा. एगोनने दुसरा कापला. तो खांद्यातून जोर काढून मारेपर्यंत हलला नाही. एगोन म्हणाला, बघ. रोमाना म्हणाली, बघतेच आहे. दोघेही आपापलं बघत होते. परतताना ती पुढे होती, आणि उताराच्या कडेला जिथे झुडपं संपतात तिथे पायाखाली, खोल, तो आवाज झाला. ती थांबली. हात आपोआप वर गेला, आणि तो वर गेलेला हात पाहून तिला वाटलं, हा माझा नाहीच.

एगोनने विचारलं काय झालं. तिने सांगितलं. त्याने चांगला कान पुढे केला, थोडा वेळ ऐकल्यासारखं केलं, मग हसला. "तुमच्या घराण्याचे कानच निराळे. आमच्या घरात असे असते तर आम्ही चर्चमध्ये बाजा वाजवला असता." तिलाच शंका होती. काल ब्रेगेंझमध्ये पत्र्यावर ऐकलेलं आज पायाखाली ऐकू आलं, की बापाबरोबर ऐकलेलं दोन्हीकडे? माणसाला एकदा ज्याची भीती बसते ते त्याला सगळीकडे ऐकू येतं, हे ती जाणून होती. त्या संध्याकाळी तिने जेवण टाळलं आणि आपल्याला खरं काय ठाऊक आहे तेवढंच वेगळं काढत बसली. साखर खरी. तिच्यावरचा भार खरा. उद्या दिवसभर गरम वारा आणि रात्री कडक गारठा, हेही खरं. म्हणजे सोमवारी सकाळी उतार दगडासारखा होईल, पण रविवारी संध्याकाळी, नेमका होळीच्या वेळी, सगळ्यात मऊ असेल. आवाज काढून टाकला तरी एवढं उरत होतं. मग निर्णय आवाजावर नाही टेकलेला, असं तिने स्वतःला बजावलं, आणि तेव्हा कुठे तिला भूक लागली.

रविवारी चर्च सुटल्यावर तिघं म्हाताऱ्या सेराफिनच्या स्वयंपाकघरात बसले. सेराफिन समितीतला सगळ्यात जुना, बाबांच्या वेळेपासूनचा, आणि त्याचा मान म्हणून तो शेवटी बोलायचा. बाकी डोंगरात कुणी कुणाला अहोजाहो करत नाही, म्हाताऱ्यालाही नाही. एगोन म्हणाला, उघडं. नाताळापासून लटकलाय, यायचं असतं तर एव्हाना आला असता. रोमानाला या वाक्याचाच राग होता. सगळं गाव ते बोलायचं. न पडलेला बर्फ जितका जुना तितका शहाणा, असं धरून चालायची इथली पिढीजात खोड. पाहुणा असं कधी म्हणणार नाही, कारण त्याला तो नाताळात लटकलेला ठाऊकच नसतो.

"आला असता तर मी आज निवांत वडे तळत बसले असते," ती म्हणाली. "आला नाही म्हणूनच म्हणतेय. बंद."

एगोनने टेबलावरचा पावाचा चुरा बोटाने गोळा केला. मग सेराफिनकडे पाहिलं. सेराफिनने शेगडीत एक लाकूड सारलं. तो म्हणाला, "एकीने बंद म्हटलं, बंद. मी काय म्हणालो असतो ते आता कुणाला कळायचं नाही. मलाही नाही." आणि उठून त्याने कुरणाच्या फाटकावर लावायची लाल पाटी काढून तिच्या हातात दिली. कास्पारच्या वेळी तो काय म्हणाला असता, हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

पाटी लावून वळते तो गेबहार्ड समोर. ओटिलिया आत्याचा मुलगा, तिचा आतेभाऊ, आणि होळीचा मुख्य. लहानपणी दोघं एकाच घसरगाडीवरून याच कुरणात उताणे पडलेले. त्याच्या मागे लाकडांचा मनोरा उभा होता, यंदा नेहमीपेक्षा उंच, आणि टोकावर चेटकीण वाऱ्याने मान हलवत होती. वर्षभरात गावातली जी म्हातारी जाते तिचा कपडा चेटकिणीला घालायचा, म्हणजे हिवाळ्याबरोबर तिची दुखणीही जळून जातात, अशी इथली रीत. यंदा तो निळा झगा ओटिलिया आत्याचा होता. आत्या ऑक्टोबरात गेली; शेवटचे महिने तिचे सांधे इतके धरले होते की कप उचलता येत नव्हता.

"कोण म्हणालं?" गेबहार्डने विचारलं. "आणि रीत मला सांगू नकोस."

"मी."

हे उत्तर त्याला अनपेक्षित होतं. रीत मोडून ती सरळ सांगेल असं त्याला वाटलं नसावं. तो म्हणाला, पुढच्या रविवारी करू म्हणशील, तर शिळी होळी कुणी पेटवत नाही. मनोरा हलवता येत नाही, खिळे ठोकून बांधलेला आहे. आम्ही चौघं दोन रात्री कुरणातल्या खोपटात झोपलोय, शेजारच्या टाल्बाख गावच्या लोकांनी आधीच पेटवू नये म्हणून राखण करत, तेव्हा कुठे गेला होता तुझा टोबेल? ती म्हणाली, तेव्हा थंडी होती आणि तुम्ही चौघंच होतात, आणि तेव्हाही मला कुणी विचारलं नव्हतं. मग तो शांतपणे म्हणाला, "तू उद्या ब्रेगेंझला जाशील. लोकांना चष्मे लावशील. आम्ही इथे वर्षभर न जळलेली चेटकीण घेऊन बसू. आईचा झगा आहे तिच्या अंगावर, रोमाना."

"ठाऊक आहे."

"तरी?"

"तरी."

दुपार ती घरात खिडकीपाशी बसली. बाहेर छपरांवरून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, मध्येच ढग येऊन सगळं करडं करत आणि पुन्हा लख्ख ऊन. रस्त्यावरून जाणारे लोक तिच्या घराकडे बघून बोलणं थांबवत, आणि घर मागे पडलं की पुन्हा सुरू करत. ती टोबेलकडे बघत होती. किती वेळ बघत होती ते तिच्या लक्षात आलं नाही, आणि काय म्हणत होती तेही नाही, ओठ हलत होते तेव्हा कळलं. पड ना. पड एकदाचा. ती त्याला विनवत होती. सगळ्या गावासमोर, भर उन्हात, गडगडत ये, आणि तो मनोरा मोडून टाक, म्हणजे उद्या मला मान वर करून गाडी काढता येईल. म्हणजे बाबांचंही खरं होईल. तिला अगदी गोड वाटत होतं ते. आणि त्याच वेळी कुरणातल्या खोपटाच्या धुराड्यातून निळसर धूर वर येताना तिला दिसला.

ते अजून खाली होते. गेबहार्ड आणि त्याचे तिघं. बंदी गर्दीला, राखणदारांना नाही, असा त्यांनी अर्थ लावला असणार. आणि होळीच्या संध्याकाळी न पेटवलेला मनोरा उघड्यावर टाकून जायचं म्हणजे टाल्बाखच्या लोकांना आमंत्रणच. ज्या गावाची होळी दुसऱ्याने पेटवली त्याने वर्षभर मान खाली घालून हिंडायचं. ते जीव गेला तरी हलायचे नाहीत. आणि मी इथे बसून बर्फाला ये म्हणतेय. रोमानाला स्वतःची इतकी शिसारी आली की ती उठून उभी राहिली, आणि उभी राहिल्यावर तिला बाबा खिडकीपाशी दिसले, वसंतभर, रोज सकाळी. ते कशाची वाट बघत होते? त्यांचं खरं ठरण्याची, असं तिने इतकी वर्षं धरलं होतं. मे महिन्यात ते बरं झालं म्हणाले तेव्हाचा त्यांचा चेहरा तिने कधी पाहिलाच नव्हता. ती त्यांच्या पाठीकडे बघत होती. ती कोट घालून बाहेर पडली.

कुरणाच्या तोंडाशी एक छोटं प्रार्थनाघर आहे. जुन्या लोकांच्या सांगण्यात बर्फ त्याच्या पलीकडे कधी आला नाही. तिथे उभं राहून तिने गेबहार्डला हाक मारली आणि तो येईपर्यंत मारत राहिली. तो आला, चिडलेला, हातात तळलेला वडा. तिने वाद घातला नाही. ती म्हणाली, चेटकीण नसलेला मनोरा म्हणजे नुसतं सरपण, ते पेटवायला टाल्बाखहून काळं कुत्रंही यायचं नाही. तेव्हा चेटकीण उतरवा.

"आणि ठेवू कुठे? आईच्या कपाटात?"

"माझ्या दारात आणून बसव," ती म्हणाली. "आमच्याकडे तिची सवय आहे."

गेबहार्डच्या तोंडातला घास तसाच राहिला. ती गोष्ट त्यालाही आठवत होती. तेव्हा तो तिच्याहून दोन इयत्ता पुढे होता, आणि पाहुणी काय खाते हे विचारणाऱ्यांत तो नव्हता असं काही नाही. तो म्हणाला, लोक काय म्हणतील तुला कल्पना आहे ना, गारा पडल्या तरी तू, गाय आटली तरी तू. ती म्हणाली, मला पाठ आहे ते. फक्त आत्ता, ऊन आहे तोवर, वर काय चाललंय ते मला दिसतंय तोवर. बाकीच्यांना आधी बाहेर काढ. तू एकटा चढ. मी ओरडले की उडी टाकून इकडे पळायचं, तिला टाकून.

तिघं बाहेर आले आणि तिच्याशी न बोलता प्रार्थनाघरामागे उभे राहिले. गेबहार्ड शिडीने चढत होता हे तिला ऐकू येत होतं. तिने तिकडे पाहिलं नाही. तिने डोळे टोबेलवर ठेवले. गरम वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. सगळ्या उताराचा भार तिला आपल्या पापण्यांवर पेलल्यासारखा वाटत होता, आणि दुपारची ती विनवणी अजून कुठेतरी आत चिकटून असेल तर ती उपटून काढावी तशी ती म्हणत होती, राहा. तसाच राहा. आज राहा, उद्या राहा, मे महिन्यापर्यंत राहा आणि थेंब थेंब होऊन जा, आणि लोकांना मला हसू दे. मागून खिळे उपटल्याचे आवाज आले, मग शिडी कुरकुरली, मग ओल्या बर्फातून जड पावलं. ती तेव्हाही वळली नाही. निळा झगा तिच्या खांद्याला घासून पुढे गेला तेव्हा तिने श्वास सोडला.

रात्री आभाळ मोकळं झालं आणि पाणी जिथे होतं तिथे गोठलं. सोमवारी पहाट झाली तेव्हा खिडकीच्या काचा आतून पांढऱ्या झाल्या होत्या, आणि त्यांतून खरवडलेल्या भोकातून टोबेल दिसत होता, जसाच्या तसा, कडक, उन्हाची पहिली तिरीप अंगावर घेऊन लखलखणारा. आता तिथे कुणी नाचलं असतं तरी चाललं असतं. चेटकीण शेगडीजवळच्या खुर्चीत बसली होती, हात मांडीवर, मान थोडी कलती. रोमाना शहरात जायचे कपडे घालून कॉफी करत होती, तेव्हा दार वाजलं. गेबहार्ड होता. तो आत आला, बूट झटकले, आणि चेटकिणीच्या समोरच्या खुर्चीत बसला. त्याची आई बसली होती तिथेच, पण ते त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"पडला नाही तुझा टोबेल," तो म्हणाला.

"बरं झालं."

त्याने चटकन मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर काही खोच सापडेल म्हणून शोधलं. सापडली नाही, कारण नव्हतीच. तिने त्याच्यापुढे कप ठेवला. कॉफीला हात न लावता तो पुढे वाकला आणि त्याने समोरच्या झग्याचं वरचं सुटलेलं बटण लावलं.

"वर्षभर ठेवावी लागेल हिला," तो म्हणाला.

"राहू दे. आठवडाभर घर रिकामंच असतं."

"आईला गारठा सोसायचा नाही." त्याने कप पुढे ओढला. "किल्ली देऊन जा. मी येऊन शेगडी पेटवत जाईन."

"मग जरा लांब बसव तिला," रोमाना म्हणाली. "पेंढा आहे."